नवव्या गाण्याची परवानगी

१२ मार्च

चि. कानवाले साहेब यांस,
आईचे अ. उ. आ.

दिवसभर लोकांचे कान तपासणारा तू, फोनवर माझ्या प्रत्येक गोष्टीला बरं म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून हे पत्र. पत्राला नुसतं बरं म्हणून भागत नाही, उत्तर लिहावं लागतं.

तर आमच्या बँडचा नवा अल्बम झाला. सव्वीस वर्षांनी का होईना, पण झाला. सोबत सीडी आहे. सगळी गाणी दुकानामागच्या खोलीतच बसवली, पडद्याच्या कापडाच्या रोलांमध्ये, पूर्वीसारखीच. कापड आवाज पिऊन टाकतं, त्यामुळे शेजारी अजून आमच्याशी बोलतात. तुझा मामा ड्रम तसाच बडवतो, फक्त मधूनमधून कंबर धरून उभा राहतो. लांबूची गिटार शाबूत आहे, केस मात्र गेले. माझा आवाज वरच्या पट्टीत फाटतो. रेकॉर्डिंग करणारी मुलगी म्हणाली, फाटू द्या, तसाच जिवाला भिडतो. तिच्या तोंडात साखर पडो.

दुकानात रोज कोणी ना कोणी पडदे बघायचं निमित्त काढून येतं आणि अल्बम कधी येतोय ते विचारतं. परवा एक गृहस्थ आले, पोट सुटलेले, बरोबर कॉलेजातली लेक. आमच्या पहिल्या अल्बमच्या जोरावर त्यांनी आपलं लग्न जमवलं होतं म्हणे. सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मी तेवढ्यात त्यांना चार मीटर निळं कापड विकलं.

आता मुद्द्याचं. नववं गाणं तुझ्यावर आहे. मला ते सगळ्यांत जवळचं आहे. तुझा मामा आणि लांबू यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं ते याच गाण्यावर, यावरून काय ते समज. पण जित्याजागत्या माणसाला न विचारता त्याच्यावर गाणं काढणं मला पटत नाही. तेव्हा ऐक आणि कळव. नको म्हणालास तर काढून टाकीन, रुसणार नाही. एप्रिलअखेर कंपनीला गाण्यांची यादी द्यायची आहे, मग अल्बमचा कार्यक्रम.

सूनबाईंना आशीर्वाद. तुमचा लोभ आहे त्यात भर पडली तर चालेल, घट नको.

तुझी आई

२ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पाकीट मिळून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण सध्या शाळांची कानतपासणी चालू आहे. दिवसभर एकेकाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, हेडफोन घालायचे, बारीकशी शिट्टी ऐकू आली की बटण दाब म्हणून सांगायचं. मुलं शिट्टी नसतानाही बटण दाबतात आणि वर हसतात.

पहिली आठ गाणी तुझ्या सुनेने आणि मी मिळून ऐकली. तिसरं तिला इतकं आवडलंय की इस्त्री करताना ते बेसूर गुणगुणत असते. मलाही सगळी गाणी आवडली. म्हणजे नुसती बरी नव्हेत, खरंच आवडली. तुझा आवाज फाटतो तिथे माझ्या अंगावर काटा आला.

नववं तिने एकटीने ऐकलं. काय आहे ते मी विचारलं. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, तुझं तू ऐक.

आई, मी ते ऐकलेलं नाही आणि ऐकणारही नाही. ते काढून टाक. कारण आजवर सांगितलं नाही, आता सांगतो. सातवीत आमचे गणिताचे सर तुमच्या बँडचे भक्त होते. त्यांनी एकदा मला भर वर्गात उभं करून सांगितलं, की याच्यामुळे एवढा चांगला बँड बंद पडला. सगळे हसले. सर हसले, मीही हसलो. घरी येऊन तुला विचारलं, तर तू शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणालीस, हो ना, तोच हा महापुरुष.

तू गमतीने म्हणालीस हे कळतं. पण तेव्हापासून कोणी तुमच्या बँडचं नाव काढलं की मला दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं वाटतं. गाण्यात तू ते प्रेमानेच घातलं असशील. तरी ते हजार लोकांसमोर वाजलेलं मला सोसणार नाही. रागावू नकोस.

मामाला कंबरेचा पट्टा पाठवतोय, वापरायला सांग. माया आहे तशी असू दे.

तुझा,
कानवाला

७ एप्रिल

चि. साहेब यांस,
आईचे आशीर्वाद.

शब्द दिला होता तो पाळला. कंपनीच्या यादीत आठच गाणी लिहून ठेवली आहेत.

सरांची गोष्ट वाचून मशीन बंद केलं. मी काय म्हणाले ते मला आठवतही नाही, आणि तुला इतकी वर्षं ते बोचत राहिलं, याचं फार वाईट वाटलं. शिवताना तोंडात टाचण्या असतात आणि डोकं शिलाईत. अशा वेळी आईला महत्त्वाचं काही विचारू नये. पण तू लहान होतास, तुला काय कळणार.

आता जरा भांडते. तुझ्या दवाखान्यात कोणी काचेच्या खोलीत न बसताच म्हणालं, की मला सगळं माहीत आहे, तपासायची गरज नाही, तर तू त्याला सोडशील का? मग तू न ऐकता निकाल कसा दिलास? गाण्यात काय आहे ते मी पत्रात लिहिणार नाही. सांगून भागलं असतं तर गाणं कशाला केलं असतं.

यादी अजून टपालात टाकलेली नाही. घाई नाही, पण महिना काही माझ्यासाठी थांबणार नाही.

लोभाचं काय लिहू, तो न मागता मिळतो म्हणून तर आई झाले.

तुझी आई

१० एप्रिल

चि. भाचेबुवा यांस,
मामाचे आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली.

पट्टा पोचला. बांधला की मी पिंपासारखा दिसतो, पण आराम आहे.

ताईने आठ गाण्यांची यादी केली आणि तेव्हापासून आमच्याशी फार नीट वागते आहे. लांबू उशिरा आला तरी काही बोलली नाही. ती नीट वागायला लागली की समजावं, काहीतरी बिनसलंय. म्हणून तिला चोरून हे लिहितोय.

अरे, तान्हा असताना तू झोपायचाच नाहीस. रडून घर डोक्यावर घ्यायचास. ताई तुला तालमीला घेऊन यायची आणि कापडाच्या ढिगावर ठेवायची, माझ्या मोठ्या ड्रमपासून हातभर अंतरावर. मी पहिला ठोका दिला की तू गाढ. कान तपासणाऱ्याला हे सांगायची लाज वाटते, पण कापसाचे बोळे घालायचो रे, आणि वर टोपी.

पंचाईत एवढीच, की गाणं संपलं की तू टक्क जागा आणि लगेच भोकाड. मग काय करणार? आम्ही गाणी संपवायचंच बंद केलं. लांबू वाजवतच राहायचा, ताईचे शब्द संपले की ती नुसतं आ आ करत राहायची, आणि मी आपला ठोके देतोय. तीन मिनिटांचं गाणं बारा मिनिटांवर गेलं. लोक वेडे झाले. पेपरवाल्यांनी लिहिलं, की ही मंडळी अनंताचा शोध घेत आहेत. कसला अनंत? पोर उठू नये म्हणून चाललं होतं सगळं.

मग तू शाळेत जायला लागलास. तालमीला तू नसायचास, त्यामुळे आम्ही गाणी संपवायला लागलो, आणि गाणं संपलं की भांडायला. शेवटचं भांडण मी आणि लांबूने केलं, सामानाच्या गाडीची किल्ली कोणाकडे राहणार यावर. चारचौघांत हे काय सांगणार? म्हणून मूल लहान आहे असं सांगून टाकलं. लोकांना ते पटलं, ताईने सांगितलं त्या तुझ्या सरांनाही.

तुझ्यामुळे आम्ही थांबलो नाही, बाळा. तू होतास तोवर आम्हाला थांबता येत नव्हतं. नववं गाणं तेच आहे. आता ऐकायचं की नाही ते तू बघ.

हे पत्र फाडून टाक. ताईला कळलं तर मला दुकानाच्या पायरीवरही उभं करणार नाही. जीव लाव, उपदेश करू नकोस.

तुझा मामा

१९ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

नववं गाणं ऐकलं. ऐकावंसं का वाटलं ते विचारू नकोस. मामाने काहीही लिहिलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत काचेच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि पेशंटच्या खुर्चीवर बसलो. इतक्या वर्षांत मी त्या खुर्चीवर कधी बसलो नव्हतो. हेडफोन घातले. मामाचा पहिला ठोका पडला आणि माझे खांदे आपोआप सैल झाले. कसे ते मला सांगता येणार नाही, आणि कानांबद्दल मी बरंच शिकलेलो आहे. मग तू आलीस. शब्द थोडेच आहेत, ते संपल्यावरही तू गातच राहतेस. लांबूकाका तुझ्या मागे मागे येतात, जसं काही कोणाला चाहूल लागू द्यायची नाही. मी डोळे मिटून घेतले होते. एवढं निवांत मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

मग गिटार गेली, ठोके गेले, नुसता तुझा आवाज राहिला, आणि तोही थांबला.

आई, मी रडलो. रुमाल डोळ्यांना लावून सभ्यपणे नाही, चक्क भोकाड पसरलं. त्या खोलीतून आवाज बाहेर जात नाही हे एक बरं, पण काच आहे. बाहेर एक आजोबा तपासणीसाठी बसले होते. त्यांना वाटलं, या तपासणीत फार दुखत असावं. ते घाईने निघून गेले. त्यांच्या मुलाला फोन करून समजूत काढावी लागली.

नववं गाणं ठेव. त्यातला एक सूरही कमी करू नकोस. यादी नव्याने लिही आणि आजच टपालात टाक.

अल्बमच्या कार्यक्रमाला आम्ही दोघंही येतो आहोत. तुझ्या सुनेला पहिल्या रांगेतली खुर्ची दे. माझी सोय मामाच्या मोठ्या ड्रमजवळ कर, हातभर अंतरावर, खाली बसायलाही माझी हरकत नाही. मला झोप लागली तर कोणी उठवू नका, आणि काही झालं तरी वाजवणं थांबवू नका.

लोभ होता हे आता नीट ऐकू आलं. तो असाच चालू राहू दे.

तुझा मुलगा