नुसतंच ‘शाल्टर’

मंगळवार संध्याकाळ, फ्रँकफर्ट

दोन बटणांवर मी नुसती चित्रं टाकली, नावं द्यायचा कंटाळा केला. त्याची खरी किंमत: एका दवाखान्याच्या आठवड्याभराच्या अपॉइंटमेंट, आणि कदाचित फ्राउ केलर यांची नोकरी. त्या रिसेप्शनवर असतात. त्यांना दिसत नाही. त्या आमचं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या आवाजावर, ऐकून चालवतात. आज तो दोन्ही बटणांवर नुसतं ‘शाल्टर’ म्हणाला. जर्मनमध्ये ‘बटण’. पण कशाचं?

“सेव्ह की डिलीट, हेअर जोशी? लावा पैज,” त्या हसल्या. त्यांनी अंदाजाने दाबलं आणि सगळं पुसलं गेलं. डॉक्टर म्हणाले, आता दुसरं माणूस बघावं लागेल.

आणि मी परवाच त्यांना छाती फुगवून सांगितलं होतं, “माझे कान तिखट आहेत, प्रत्येक बटण मी स्वतः ऐकून तपासलंय!” खोटं नव्हतं ते. मग तेव्हा ‘शाल्टर, शाल्टर’ खटकलं कसं नाही?

तपासताना माझा मॉनिटर चालू होता.