काटा प्लसमध्ये येईपर्यंत

९ जानेवारी १९७४, बदनापूर
शिवकन्या काल एसटीनं माहेरी गेली, मंठ्याला. रागानं न्हाई. हात दुखतो म्हणून. परवा मंठ्याहूनच येताना मोटारसायकलचा लाईट बारीक होत होत गेला आणि आम्ही दोघं नालीत. उठल्याबरोबर मी टाकी चाचपली. पोचा किरकोळ. मंग शिवकन्याचा हात बघितला. सुजल्ता. दोष माझ्या ड्रायव्हिंगचा बिलकुल न्हाई, बॅटरीचा आहे. ती चार्जच होऊन न्हाई राह्यली.
संकल्प: रविवारपर्यंत फॉल्ट काढणे. बायकोला त्याच गाडीवर, फुल लाईटमध्ये घरी आणणे.

१३ जानेवारी, रविवार
बॅटरी मांडीवर घेऊन पॅसेंजरनं जालन्याला गेलो. अ‍ॅसिड शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतरावर सांडलं. ते पाणी समजून सरकून बसले. मी पण तसंच समजू दिलं. मस्तगडचा बॅटरीवाला बद्रीनाथ म्हणाला, बॅटरी चांगली हाय, तुमची गाडीच तिला करंट देऊन न्हाई राह्यली. गाडी न बघता याला काय कळतं? नवी बॅटरी घेतली.

१४ जानेवारी
संक्रांत. नवी बॅटरी पण झोपली. गाडीवरच्या करंटच्या मीटरचा काटा मायनसमध्ये. इंजिन चालू असताना काटा प्लसमध्ये पाहिजे, असं पुस्तकात स्पष्ट दिलंय. तिळगूळ एकट्यानं खाल्ला.

२० जानेवारी
सासऱ्यांचा, आबारावांचा निरोप आला, कंडक्टरबरोबर. हात मोडलेला निघाला, प्लास्टर घातलंय, बसनं येऊन जा म्हणतात. बसनं? म्हणजे गाडी खराब आहे हे मीच कबूल केल्यासारखं! उलट निरोप दिला: डायनामो खोललाय. जल्दी येतो.

३ फेब्रुवारी
डायनामोचे कार्बन पॉलिशपेपरनं घासले. काटा मायनस. शेजारच्या नंदाबाई कंपाउंडवरून म्हणाल्या, भाऊ, तिकडं बाईचा हात मोडलाय आन् तुम्ही हे काय घासून राह्यले? टेक्निकल गोष्ट त्यांना समजावण्यात अर्थ न्हाई. तरी अर्धा तास समजावली.

१७ फेब्रुवारी
आता कट-औट. डायनामोचा करंट बॅटरीकडं सोडणारी डबी. खोलली, साफ केली, बसवली. एक स्प्रिंग उरली. पुन्हा खोलली. दरम्यान बॅटरी स्वैपाकघरात कलंडली. शिवकन्याचं मोरपंखी पातळ ती गेल्यापासून खालच्या दोरीवर तसंच होतं, अ‍ॅसिडनं त्याची चाळणी. घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. फुल लाईट बघून ती खूश होईल, तेव्हा सांगीन.

१९ फेब्रुवारी
दुसरा निरोप. नुसतं "कधी?" एवढंच. कंडक्टर म्हणाला, बाईंनी एवढंच सांगितलं. मी म्हणालो, बराबर रविवारी.

२४ फेब्रुवारी, रविवार
गेलो न्हाई. वायरिंग सगळं बदललं. काटा मायनस. चुलीला हात लावून आठवडा झाला. ऑफिसात साहेबांनी सांगितलं, पत्रकांवर काळी बोटं उठतात, बघा जरा. संध्याकाळी गाडीपाशी बसल्या-बसल्या डोळ्यातून पाणी आलं. पेट्रोलच्या वासानं असेल.

३ मार्च, रविवार, सकाळी
सापडला! कट-औटची अर्थिंगची वायर फ्रेमला जिथं कसली आहे, तिथं रंग. दसऱ्याला मीच दिल्ता, तीन हात. काम इतकं पक्कं की करंटला पण आत शिरता आलं न्हाई. चाकूनं खरवडला, नट कसला, किक मारली. काटा टुणकन प्लसमध्ये! मी असा ओरडलो की नंदाबाई पळत आल्या. त्यांना वाटलं मंठ्याहून तार आली.
दुपारी निघतो. इस्त्रीचा शर्ट घातलाय.

४ मार्च
काल मंठ्याला पोचलो तेव्हा दिवस मावळल्ता. मुद्दामच तसा निघालो, लाईट दिसावा म्हणून. आबाराव पाण्याचा तांब्या घेऊन आले. म्हणालो, पाणी राहू द्या, आधी लाईट बघा. समोरच्या भिंतीवर मारला. पांढराशुभ्र.
शिवकन्या दारात आली. प्लास्टर निघालंय, पण बोटं पूर्ण मिटत न्हाईत. पदर डाव्या हातानं धरल्ता. मी तिला फॉल्ट समजावून सांगितला, डायनामोपासून अर्थिंगपर्यंत. तिनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाली, प्लास्टर कापायच्या दिवशी मी रस्त्याकडं बघून राह्यल्ते. एसटी तर रोज येती.
मी म्हणालो, चल, बस मागं.
न्हाई म्हणाली. ओरडून न्हाई, हळूच. आत गेली. आतल्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला.
मी इंजिन बंद केलं. लाईट तसाच ठेवला भिंतीवर. वाटलं, उजेड बघून येईल परत. आबाराव तांब्या धरून उभेच. मी पण उभा. बराच वेळ कोणी आलं न्हाई.
शेवटी आबाराव म्हणाले, जावईबापू, लाईट बंद करा. बॅटरी उतरंल.
केला बंद.