आधी हनोई की आधी सिंगापूर

॥ श्री ॥
खाजणवाडी, ता. मालवण
१४ सप्टेंबर २०२५

चि. अनुजा हिस,
अ. उ. आ. वि. वि.

गणपतीत आपलं फोनवर जे भांडण झालं, त्यानंतर मी ठरवलं आहे की या सहलीबद्दल फोनवर अवाक्षर काढायचं नाही. फोनवर तू हो हो म्हणतेस आणि दुसऱ्या दिवशी तिसरंच काही ठरवून मोकळी होतेस. कागदावर लिहिलेलं नाकारता येत नाही. तेव्हा यापुढे पत्र.

मुद्दा पुन्हा एकदा लिहिते, कारण तुझ्या गोंधळात तोच हरवतो आहे. मितेशने तुला व्हँकुव्हरला कायमचं न्यायचं ठरवलं, डोंबिवलीचा ब्लॉक विकला, जानेवारीअखेरचं तिकीटही काढलं. माझं मत कोणी विचारलं नाही आणि मी दिलंही नाही. मुलाने आईला नेऊ नये असं मी कोणत्या तोंडाने म्हणणार? मी एवढंच मागितलं की जाण्याआधी एक आठवडा फक्त आपल्या दोघींचा असावा. तू इकडे आलीस की आपण चुलीपाशी असतो किंवा पाहुण्यांत. बहिणी म्हणून शेवटच्या कधी निवांत बसलो, आठवून बघ. परदेशात कोणी ताक मागायला येणार नाही, म्हणून परदेश.

आता शहरं. मला सिंगापूर बघायचं आहे. बर्फाचा कारखाना मी पंचवीस वर्षं चालवला. वेळेवर वीज आली नाही, वेळेवर ट्रक आला नाही, वेळेवर माणूस आला नाही. जगात एखादं गाव तरी वेळेवर चालतं का, हे मरण्याआधी बघू दे. तुला हनोई हवं, कारण तिथे लोक फूटपाथवर इवल्याशा स्टुलांवर बसून कॉफी पितात आणि घरांच्या मधून रेल्वे जाते, असं तू मोबाइलवर पाहिलंस. मला पाटावरून उठता येत नाही आणि तू मला स्टुलावर बसवणार. तरी मी हो म्हटलं. निम्मा आठवडा तुझा, निम्मा माझा. पण आधी सिंगापूर. अंगात त्राण आहे तोवर शिस्तीचं बघून घेऊ, गोंधळ मागाहून. यावर वाद नको.

आणि तिसरं शहर त्यात घुसडायचं नाही. मितेशने पाठवलेला तो रंगीत तक्ता मी वाचला. सात दिवसांत चार देश! माणसं आहोत, पार्सलं नव्हेत.

उत्तर मुद्द्याचं लिही. माया आहे म्हणून रागावते, हे दर वेळी लिहायला लावू नकोस.

तुझी,
सावित्रीताई

———

डोंबिवली
२८ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमन दोनदा विचारून गेला की खरंच पत्रच आहे का, की बँकेची नोटीस. मितेशला फोनवर वाचून दाखवलं. पार्सलं नव्हेत या वाक्यावर तो इतका हसला की तिकडे त्याचं बाळ उठलं.

तिसरं शहर रद्द. बघ, मी कागदावर लिहिलं. पण आधी हनोई, ताई. अगं, आधी गर्दी, गोंगाट, धूळ, भटकणं, आणि मग सिंगापूरला जाऊन पाय पसरायचे. तू उलटं करतेस. जेवणात कोणी आधी सोलकढी पिऊन मग माशांच्या तिखल्याला बसतं का? तू बसशील म्हणा, तसा नियम असेल तर.

आणखी एक, रागावू नकोस. तुझ्या जाऊबाई तुळसावहिनींचा मला फोन आला होता. म्हणाल्या, माका पण न्हेया, मी काय तुमका खातलंय काय? मी म्हटलं, ताईला विचारून सांगते. मला नाही म्हणता येत नाही, तुला माहीत आहे. सगळं आयुष्य माझ्या वतीने तूच नाही म्हणत आलीस. तिकडे गेल्यावर कोण म्हणेल, हा प्रश्नच आहे.

पासपोर्टचं काय केलंस? माझा चार वर्षांपूर्वीच झाला आहे. तुझा अजून व्हायचा आहे आणि तक्ते मात्र तू माझे तपासतेस. मितेश म्हणतो, मावशीने मालवणच्या आपल्या जुन्या दुकानाचा पत्ता द्यावा, चौकशी चटकन होते.

पायाला तेल लावतेस ना? मला ओरडण्यासाठी तरी तब्येत सांभाळ.

तुझी धाकटी,
अनुजा

———

॥ श्री ॥
खाजणवाडी
२६ नोव्हेंबर २०२५

चि. अनुजास,
अ. उ. आ.

तुळसेला मी नाही म्हणून सांगितलं. आठ दिवस बोलली नाही, नवव्या दिवशी बांगडे घेऊन आली. प्रश्न मिटला.

पासपोर्टचे कागद दिले. पत्ता खाजणवाडीचाच दिला. दुकान आता भाच्याचं आहे. मी राहत नाही तिथे राहते असं सरकारला लिहून द्यायचं, हे मितेशला चालत असेल, मला चालत नाही. आता पोलीस चौकशीला घरी येतील, सही घेतील, की झालं.

पण इथे नवीनच उपटलं आहे. देवदिवाळी झाल्यावर देवाला कौल लावला आणि गावपळणीचा कौल मिळाला. मितेशला माहीत नसेल म्हणून लिहिते. काही वर्षांनी एकदा देव सांगतो, आणि सगळा गाव गुराढोरांसकट, कोंबड्याकुत्र्यांसकट शिवेबाहेर जातो. तीन दिवस, तीन रात्री. मागे कोणी राहायचं नाही, चूल पेटवायची नाही. खाडीपलीकडे राहुट्या ठोकायच्या आणि तिथे संसार मांडायचा.

नेमकं आत्ता! पोलीस याच दिवसांत आले तर? मी दाजींकडे गेले. दीर म्हणून नव्हे, देवळाचे मानकरी म्हणून. म्हटलं, मी एकटी घरात थांबते, चूल पेटवत नाही, पोलीस येऊन गेले की येते. ते सुपारी कातरत म्हणाले, सिंगापूर काय, खंय जावचा आसा थंय जा, पण कौल झालो म्हणजे झालो. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे ओहोटीला थांब म्हणणं. माझा विश्वास आहे का, हे या गावात मला पन्नास वर्षांत कोणी विचारलेलं नाही. पण सगळा गाव बाहेर असताना आपण एकटीने घरात बसायचं, हे मलाही जमलं नसतं.

म्हणून मी व्यवस्था केली. स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन सांगून आले की हे तीन दिवस गावात कोणी नसेल, चौथ्या दिवसापासून कधीही या. तिथल्या माणसाने वहीत टिपून घेतलं. अशी कामं करायची असतात. शिकून ठेव, तिकडे उपयोगी पडेल.

आधी सिंगापूर. सोलकढीचा दाखला मी वाचला. तो चुकीचा आहे. सोलकढी मी आधीही पिते.

काळजी करत नाही असं नाही, पण करून दाखवत नाही.

सावित्रीताई

———

॥ श्री ॥
खाजणवाडी
२० डिसेंबर २०२५

चि. अनुजास,
अ. उ. आ.

बसून वाच. सहल होत नाही.

तीन रात्री झाल्यावर चौथ्या दिवशी सकाळी गावात परतण्याचा कौल लावला. देवाने दिला नाही. आणखी एक रात्र बाहेर. लोकांनी आनंदाने पुन्हा चुली मांडल्या, पोरांनी क्रिकेट सुरू केलं, तुळसेने तर भजनाची बारी ठरवली. मी एकटी हिशोब करत बसले. पण म्हटलं, पोलीस काय पहिल्याच दिवशी उगवणार आहेत?

उगवले. त्याच दिवशी भर दुपारी मी राहुटीपुढे मासे साफ करत होते. एक पोलीस मोटरसायकलवरून आला. तरुण, घाटावरचा, नवीनच बदली झालेला, उन्हाने लाल झालेला. गावातली माणसं कुठे गेली म्हणून विचारू लागला. मी त्याला बसवलं, पाणी दिलं, चहा दिला आणि चांगला फैलावर घेतला. म्हटलं, ज्या मुलखात नोकरी करता तिथल्या रीती माहीत नकोत? तो खिशातून काही कागद काढत होता. मी म्हटलं, कागद ठेवा, चहा प्या, चौकशा गाव भरल्यावर. बिचारा चहा पिऊन उठला.

अनुजा, तो माझ्याच चौकशीला आला होता.

मी त्याचं काम विचारलं नाही, त्याने माझं नाव विचारलं नाही. तिथून तो तसाच पूल ओलांडून रिकाम्या गावात गेला. माझ्या घराला कुलूप. त्याने अर्जातल्या नंबरावर फोन लावला, तर फोन आत देवापाशी वाजतोय. राहुटीत चार्जिंग कुठे करणार म्हणून मीच तो घरी ठेवला होता. हे सगळं मला काल ठाण्यात त्यानेच सांगितलं. मला ओळखल्यावर तो उभाच राहिला. म्हणाला, काकू, तुमचाच चहा प्यायलो होतो की.

तोवर त्याचा शेरा वर गेला होता. दिलेल्या पत्त्यावर अर्जदार राहत नाही, घर बंद, शेजारीही आढळले नाहीत. पन्नास वर्षं जिथे राहते तिथे मी राहत नाही! आणि यात खोटं कोण बोललं, सांग. त्याने पाहिलं ते लिहिलं. मी ठाण्यात सांगितलं तेही ठरलं होतं तसंच सांगितलं. दुकानाचा पत्ता दिला असता तर आज पासपोर्ट हातात असता, हे मितेशने मला ऐकवू नये. माझं मलाच रोज ऐकू येतं.

नव्याने चौकशी होईल, पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात निघायचं तर ते आता शक्य नाही. तू ठरल्या तारखेला जा. नातवंडाला तुझी गरज आहे. सहलीचं काय, लोक सहली न करताही जगतात. जाण्याआधी इकडे येऊन जा म्हणणार होते, पण नको. तू येशील, वीस माणसं तुला भेटायला येतील, मी चुलीपाशी असेन आणि तू निघून जाशील. ते मला नको आहे.

दाजी म्हणतात, देवाक तुका सोडूचा नाय. देवाला मला सोडायचं नाही आणि सरकारला मी सापडत नाही. मधल्या मधे माझा आठवडा गेला.

आज प्रेमाचं काही लिहवत नाही. ते आहे असं धरून चाल.

सावित्रीताई

———

डोंबिवली
२९ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी खूप हसले. तू पोलिसाला चहा पाजून परत पाठवलंस, हे मी मेल्यावरही मला हसवेल. मग दार लावून रडले. मग मितेशला फोन केला आणि, ताई, मी त्याला नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. म्हटलं, जानेवारीत मी येत नाही. तो म्हणाला, आई, तू मावशीसारखी बोलतेस.

आता ऐक, मी ठरवलं आहे. माझं तिकीट त्याने फेब्रुवारीअखेर ढकललं. तोवर तुझा पासपोर्ट येईल. आला नाही तर पुन्हा ढकलेन, नाही म्हणायला आता जमतं मला. मुंबईहून आपण दोघी एकत्र निघायचं. आठवडा पुरता झाला की शेवटच्या शहरातून मी तशीच पुढे व्हँकुव्हरला जाईन. सामान बांधलेलंच असेल. पुन्हा परत येऊन निरोप, डबे, पाहुणे, काही नको.

म्हणजे परतीचा प्रवास तुला एकटीने करावा लागेल. तू विमानात कधी बसलेली नाहीस, हे मी विसरलेले नाही. त्यावरून तू नाही म्हणालीस तर मी समजेन. पण म्हणू नकोस.

आणि हट्ट सोडला. आधी सिंगापूर, मग हनोई. तू म्हणतेस तसं. हनोईच्या त्या गोंगाटात एकमेकींचा निरोप घेताना काय बोललो ते ऐकूही येणार नाही. बरंच आहे.

तुझ्या होकाराकडे डोळे लावून,
अनुजा

———

॥ श्री ॥
खाजणवाडी
२ फेब्रुवारी २०२६

चि. अनुजास,
अ. उ. आ. वि. वि.

पासपोर्ट आला. फोटोत मी कोणालातरी ओरडत असल्यासारखी दिसते. तुळसा म्हणाली, अगदी तुमच्यासारखोच इलोहा.

चौकशीला तोच मुलगा आला. ओटीवर पाय ठेवण्याआधीच त्याने विचारलं, काकू, तुमचं पूर्ण नाव काय? नाव सांगितल्याशिवाय चहा घेईना. दाजी स्वतः साक्षीदार म्हणून सही करायला बसले. त्यांनी त्याला बजावलं की पुढच्या वेळी कौल काय झालो तो आदी आमका इचारूचो. मुलाने तेही कागदावर लिहून घेतलं. त्याच्याबद्दल माझं मत बदललं आहे.

तुझी योजना वाचली. तीन चुका काढल्या, त्या वेगळ्या कागदावर आहेत. एरवी ठीक. तू मितेशला नाही म्हटलंस हे वाचून मला काय वाटलं ते लिहीत नाही. उशिरा का होईना, शिकलीस.

एकटीने परत यायचं म्हणतेस. येईन. रिकाम्या घरात परतायची सवय आहे मला. आणि या वेळी निदान शेजारी असतील.

पण क्रम बदल. आधी हनोई. चकित होऊ नकोस आणि मितेशला वाचून दाखवताना यावर हसूही नका. मी नीट विचार केला आहे. हनोईत आपण भटकू, वाट चुकू, त्या स्टुलावर मी बसेन. उठताना हात दे, मात्र बोभाटा करू नकोस. पण तुला पुढच्या विमानात बसवून मी वळेन, तेव्हा आजूबाजूला सगळं जागच्या जागी असलेलं बरं. पाट्या स्पष्ट असाव्यात, बाण असावेत, कोणाला काही विचारावं लागू नये. त्या वेळी मला कोणाला काही विचारता येईल असं वाटत नाही. जिथे सगळं शिस्तीत चालतं, तिथे कदाचित मीही चालेन.

औषधं हातातल्या पिशवीत घे. कोकमं मी आणते आहे, तू आणू नकोस, नाहीतर दोघी आणू.

आणि एक काम. सिंगापुरात कचरा टाकला की दंड, थुंकलं की दंड, असं मी वाचलं आहे. विमानतळावर रडलं तर दंड आहे का, तेवढं मितेशला विचारून ठेव. असेल तर तेवढे पैसे वेगळे काढते.

तुझी,
सावित्रीताई