वडील कोण

इंदिरानगर, नाशिक
४ नोव्हेंबर २०२४

चि. निकिता हिस, आबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक असे लिहायची रीत आहे, पण ठीक नाही. फोनवर मला आता काही ऐकू येत नाही, म्हणून कागद घेतला. निवृत्तीनानाच्या फुप्फुसात पुन्हा पाणी झाले. त्याच्या मुलाने, हर्षलने, त्याला कळवणहून गंगापूर रोडच्या दवाखान्यात आणले. डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, हर्षलशी बोलतात, आणि हर्षल माझ्याशी बोलत नाही. समजायचे ते मी समजलो.

खिडकीवरच्या मुलीने आम्हा दोघांची आधार कार्डे पाहिली आणि म्हणाली, बाबा, या वयात मोठ्या भावासाठी धावपळ करता, कौतुक आहे. अगं, मोठा मी! पण आम्हाला शाळेत एकाच दिवशी घातले. आईला तारखा ठाऊक नव्हत्या. गुरुजींनी दोघांना भिंतीशी उभे केले. नाना उंच, मी बुटका. त्याला १ जून १९४६ मिळाली, मला १ जून १९४७. चौथीत माझी शाळा सुटली, तारीख काही सुटली नाही.

आजवर यावर हसलो. आता झोप लागत नाही. आधी आला त्याने आधी जावे. वर कागद बघत असतील तर मोठा समजून त्यालाच नेतील. तुझी आई म्हणते, आबा, देवाला आधार कार्ड लागत नाही. हल्ली कुठे लागत नाही ते तरी तिने सांगावे.

तू तिकडे विश्वाच्या जन्माचा अभ्यास करतेस. ज्याचा जन्म कोणी पाहिला नाही त्याचे वय कसे काढतात, मला कळेल असे लिही.

माया आहेच, ती पत्राने कळावी.
तुझा पुंजाआबा


बंगळुरू
११ नोव्हेंबर २०२४

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

तुमच्या गुरुजींची चूक आमच्या मोठमोठ्या लोकांनीही केली आहे, तेव्हा त्यांना माफ करा.

शंभर वर्षांपूर्वी बहुतेक शास्त्रज्ञ म्हणत, विश्वाला वयच नाही, ते पहिल्यापासून असेच आहे. मग दिसले की दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब चालल्या आहेत, आणि जितकी दूर तितकी वेगात. बेल्जियममधला एक धर्मगुरू गणितातही हुशार होता. तो म्हणाला, हेच उलटे चालवून पाहा, सगळे कधीतरी एकाच जागी दाटलेले असणार. पुष्कळांनी त्याची थट्टा केली. हिशेब मांडला तर विश्वाचे वय आले सुमारे दोनशे कोटी वर्षे, आणि पृथ्वीवरचे दगड निघाले त्याहून जुने. आईपेक्षा लेक मोठी! हा घोळ वीसेक वर्षे चालला. शेवटी कळले, ज्या ताऱ्यांच्या तेजावरून अंतर मोजत होते ते दोन जातींचे होते, आणि यांनी एकच जात धरली होती. तुमच्या गुरुजींनी उंचीवरून वय धरले, तसेच. माप सुधारले, वय वाढले.

पुढे अमेरिकेत दोघांच्या अँटेनात खरखर येऊ लागली. त्यांना वाटले आतल्या कबुतरांची घाण असेल. सगळे धुऊन काढले तरी ती थांबेना. ती विश्वाच्या कोवळेपणातली ऊब होती, अजून सगळीकडून येणारी. त्यावरून आज वय धरतात १३८० कोटी वर्षे. तरीही विश्व किती वेगाने पसरते हे मोजायच्या दोन रीती अजून जुळत नाहीत. आमचे सर म्हणतात, घाईने एकीला खोटे पाडू नका.

तेव्हा जन्म कोणी पाहिला नसला तरी खूण राहते. कळवणला शोधा. नानांना माझा नमस्कार सांगा आणि जेवत जा.

तुमच्या आशीर्वादावर हक्क सांगणारी,
निकिता


इंदिरानगर, नाशिक
१९ नोव्हेंबर २०२४

चि. निकिता हिस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र तीनदा वाचले. आईपेक्षा लेक मोठी, हे नानाला सांगितले तेव्हा तो नळीतून हसला आणि त्याला ठसका लागला. नर्स मला रागावली.

एसटीने कळवणला जाऊन आलो. शेजारची अंबूबाई अजून आहे, डोळे गेले पण तोंड शाबूत. म्हणाली, मेल्यांनो, दोघे उघडे फिरायचात, कोण मोजत बसलं होतं? मग म्हणाली की पुंजा निवृत्तीला कडेवर घ्यायचा, त्याच्या वजनाने वाकडा व्हायचा.

म्हणजे मोठा मीच. लगेच येऊन नानाला सांगितले. तो म्हणाला, दादा, मग हो पुढे, तुला धरलंय कोणी? जाताना तुझी घरची खिडकीजवळची खाट मला दे. किती दिवसांनी मला त्या रात्री झोप लागली. आता माझा नंबर पहिला, हे ठरले.

तूही वेळेवर झोपत जा, एवढे ऐक.
पुंजाआबा


बंगळुरू
६ डिसेंबर २०२४

ती. आबांना शि. सा. न. वि. वि.

नाना गेल्याचे आईने कळवले त्या दिवशी तुम्हाला पत्र लिहायला बसले आणि लिहिता आले नाही. मला यायला जमले नाही, याचे वाईट वाटते.

काल आई फोनवर तुमच्यावर चिडली होती. दशक्रियेला रामकुंडावर तुम्ही मुंडण केलेत म्हणे. गेलेल्याहून लहान असतील त्यांनीच करायचे, मोठ्याने नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलेत. अंबूबाईने तर सांगितले होते. मग असे का केलेत, आबा?

थंडीत टोपी घालत जा. रागावू नका.
निकिता


इंदिरानगर, नाशिक
१३ डिसेंबर २०२४

चि. निकिता हिस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

रागावलो नाही. घाटावर गुरुजींनी धाकट्यांना पुढे बोलावले. हर्षल बसला, चुलतभाऊ बसले, मग मी जाऊन बसलो. गुरुजी म्हणाले, बाबा, वडील माणसाने बसू नये. मी खिशातून आधार कार्ड काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी वाचले, नानाचे साल हर्षलला विचारले आणि कार्ड मला परत दिले. न्हाव्याने डोक्यावर पाणी लावले.

अंबूबाईचे खरे आहे, मला ठाऊक आहे. त्याचे वजन माझ्या कमरेला अजून आठवते. पण ते खरे धरले तर मी आधी आलो आणि तो आधी गेला. हा हिशेब मी रात्रंदिवस मांडला, तो बसत नाही. कागदावरचे धरले की बसतो. मोठा भाऊ होता, वेळ झाली, गेला. तुमच्या लोकांनी चुकीचे माप सुधारले, ते शहाणे आहेत. मी चुकीचे माप मुद्दाम ठेवून घेतले. दुसऱ्या मापाने मला जगता येत नाही.

मला दादा म्हणणारे आता कोणी नाही. खाट खिडकीपासून हलवून आत घेतली आहे. डोक्याला गार लागते, टोपी घालतो.

पत्राच्या शेवटी आपण थोरांना नमस्कार लिहितो. आजपासून तो नानाला.
पुंजाआबा