सोबत्यांचं पाणी

१९ ऑक्टोबर, अकोला

माझ्या हातचं पाणी नाही प्यायली! सख्खी माय! दिवाळीला मोरबीहून गाडीत उभ्याउभ्या आलो. तिला ठसका लागला म्हणून तांब्या पुढे केला, तर हात मागे घेतला. "तू सोबती नाहीस ना रे बाप्पा. मले चालत नाही."

सोबती म्हणजे त्या कोण्या बाबाच्या दरबारवाल्यांचं खूळ. खायचं-प्यायचं फक्त एकमेकांच्या घरचं. बाप गेला अन् हे लोक घरात घुसले.

२० ऑक्टोबर

विचारलं, काहून गेली त्यांच्यात?

"तुह्या बापाच्या तेरवीले सारं गाव जेवून गेलं. दुसऱ्या दिवशी कोन आलं? मनकर्णा आली. आताही रोज सकाळी येते. वच्छला, उठली का, म्हनते. माहं नाव घेनारं कोन राह्यलं होतं रे?"

म्हटलं, मी फोन करत नव्हतो का?

"करत होता ना. गॅस भरला का, म्हनून."

डोकंच फिरलं. दाखवतो आता.

२२ ऑक्टोबर, पाडवा

जमलं! समोरच्या गजेंद्रकडचे रोडगे आणले, वांग्याची भाजी. तो काही सोबती नाही. आईला सांगितलं, मनकर्णामावशीनं पाठवले. बोटं चाटून खाल्ले! सगळं मोबाईलवर घेतलं — गजेंद्रच्या दारात डबा घेताना, मग आई जेवताना. तिच्याच फोनवरून दरबारच्या ग्रुपवर टाकलं.

२३ ऑक्टोबर

जानरावबुवा आला, इथल्या दरबारचा मोठा. उंबऱ्याबाहेरूनच बोलला, "वच्छलाबाई, तुमचं पाणी तोडलं."

पाणी तोडलेला माणूस बाहेरच्यापेक्षा वाईट म्हणे. कोण्या सोबत्यानं त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचा फोनही उचलायचा नाही.

आई रडली, "या पोट्ट्यानं फसवलं हो! मले मालूम नव्हतं!"

"पोटात तर गेलं ना?"

मनकर्णा मागे उभी होती. खाली पाहत. आईनं हाक मारली तर वळून चालायला लागली.

मला हसू आलं. लपवलं नाही. मग तांब्या पुढे केला. घेतला तिनं. गटागटा प्यायली.

जिंकलो!

२४ ऑक्टोबर

निघताना म्हणाली, "आता सकाळी कोन येईन?"

म्हटलं, अलार्म लाव.

९ नोव्हेंबर, मोरबी

टाईल्सची भट्टी, अन् भट्टीतून सुटलं की ही खोली. खोलीतले सगळे ओडिशाचे. आपसात हसतात, मला हातानं खुणा करतात. सुपरवायझर "ए मराठी" म्हणतो. माझं नाव इथं कोणाला माहीत तरी आहे का!

आईचा फोन आला. बोलायचं काही नसतं तिला. नुसतं हूं, हूं. कापला.

२३ नोव्हेंबर

पॅकिंगला नवा माणूस आला. ललित. अमरावतीचा, राजापेठचा! काल नाव विचारलं, आज लांबूनच ओरडला, "काहून बे नितेश, जेवला का?" अंगात ताप होता. आपल्या खोलीवर घेऊन गेला. तिथं सगळे आपल्याकडचे. "सरक बे, त्याले बसू दे." भिंतीवर आईच्या घरी आहे तोच फोटो — दरबारवाल्या बाबाचा!

उठून यायला पाहिजे होतं. खिचडी गरम होती.

१४ डिसेंबर

ललित रोज सकाळी दारावर थाप मारतो. "नितेश, उठला का बे?" जाग आधीच आलेली असते. तरी थाप पडेपर्यंत डोळे मिटून पडून राहतो.

आईला सांगितलं नाही.

४ जानेवारी

पाणी घेतलं. सगळ्यांनी एका तांब्यातून पाजलं, गळ्यात पडले. "आता तू आपला!"

नंतर ललितनं बाजूला घेतलं. "अकोल्याच्या वच्छलाबाई तुही माय ना? त्यायचं पाणी तोडलेलं आहे. नियम मालूम आहे ना?"

"मालूम आहे."

५ जानेवारी, सकाळ

आईचा फोन वाजून राहिला. बाहेर ललितच्या चपला वाजल्या. फोन उशीखाली दाबला अन् डोळे मिटून घेतले.