तोंडाला काय बांधायचं ते मी ठरवणार

२ फेब्रुवारी १९७६, सोमवार

आजपासून मी गोदामाचा सेफ्टी प्रमुख. बँकेचा साहेब तारण मालाची तपासणी करायला आला होता. मजुरांच्या जिवाची काळजी कोण घेतं, असं त्याने विचारलं. लखीरामशेठने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. मी तेव्हा दारात उभा होतो. योग्य माणूस योग्य जागी उभा असतो, तो असा.

शिवाय मी इंटर सायन्स. केमिस्ट्रीचा पेपर राहिला, पण वर्गात बसलो होतोच. कोणी, केव्हा, तोंडाला काय बांधून काम करायचं हे आता मी ठरवणार. देशात सध्या शिस्त आली आहे. वाशीमच्या स्टेशनरोडवरही आली पाहिजे.

३ फेब्रुवारी

मनुष्यबळाची पाहणी केली. निराशा. हमालांचा मुकादम शेषराव, तोंडात सदैव तंबाखू. देवमन, अंगाने रेडा, अक्कल त्याच मापाची. तूर चाळणाऱ्या बायांची पुढारी वच्छला. वस्तीतल्या प्रत्येक अर्जावर हिची सही. सही करता येते याचा केवढा तोरा!

तुरीची धूळ उडते, नाकाला बांधायला जाड फडकं द्या, म्हणाली. मी शास्त्रीय उत्तर दिलं. तुरीचं वरण आपण खातो. जे पोटाला चालतं ते छातीला कसं बाधेल?

"मंग तुमी खोलीचं दार कायले लावून बसता?"

मी म्हटलं, कागद उडतात. बाया हसल्या. अडाण्यांना हसू लवकर येतं.

निर्णय : धुळीसाठी काही नाही. पदर आहेच.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नागपूरहून मास्क आला. एकच. काळं रबर, काचेचे दोन डोळे, खाली डबा. शेषराव म्हणाला, हे तं बैलाचं मुसकं. त्यांची झेप गोठ्यापर्यंतच.

मास्क या लोकांच्या हाती द्यायचा नाही. घामाने खराब करतील. माझ्या खोलीत खुंटीवर राहील.

अभ्यासासाठी घरी नेला. आरशापुढे घातला. भारदस्त दिसतो. विजयमाला म्हणाली, बरं आहे, तुम्ही बोलताय ते दिसतं आणि ऐकू येत नाही. बायकोलाही सायन्सचा गंध नाही.

९ फेब्रुवारी

ज्वारीच्या थप्पीत सोंडे निघाले. पोती नुसती वळवळताहेत. अकोल्याहून औषध कंपनीचा माणूस आला. त्याने थप्प्यांवर ताडपत्र्या टाकल्या, आत गोळ्या ठेवल्या, दारं चिखलाने लिंपली. या गोळ्यांचा विषारी गॅस होतो. आठवडाभर बंद ठेवा, मग दारं उघडून एक दिवस वारा खेळू द्या, तोवर मास्क असल्याशिवाय कोणी आत जायचं नाही, असं सांगून गेला. फडक्याने हा गॅस अडत नाही म्हणे.

मास्क विकायची युक्ती! आपण एवढे खुळे नाही.

माझा नियम सोपा आहे. वास आला तर मास्क. वास नाही तर काम. निसर्गाने नाक उगीच नाही दिलं.

१२ फेब्रुवारी, सकाळी

शेठ गरम. उद्या ज्वारीला ट्रक येणार. गोदाम उघडा म्हणाले. आठवडा झालेला नाही, हे मी त्यांच्या कानावर घातलं. मनात.

शेषराव म्हणाला, अकोलेवाला तर आठवडा बोलला होता. मी म्हटलं, सोंडे तेव्हाच मेले असणार, आठवडाभर मरत बसायला त्यांना काय तेवढंच काम आहे?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार, दुपारी

गोधडी पांघरून लिहितोय. थंडीने. (ऊन आहे, पण थंडी आतून वाजते.)

क्रमाने लिहितो. सकाळी दार उघडलं. मी चिमूटभर तपकीर ओढून नाक साफ केलं आणि दारात दीर्घ श्वास घेतला. वास शून्य. तसं जाहीर केलं. वच्छला मागे सरली. सडक्या लसणासारखा वास येऊन राह्यला म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या शिदोरीतला असेल. तर ती सगळ्या बायांना घेऊन सरळ अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसली. शेषरावची टोळीही उभीच. यांना काम नको असलं की लसूणही चालतो.

मग मी देवमनला म्हटलं, अरे, तू तर पैलवान म्हणवतोस. मात्रा बरोबर लागू पडली. गेला आत. त्याच्यावर देखरेख हवी म्हणून मीही निघालो. मास्क घालून. तेव्हा वच्छला लिंबाखालून ओरडली,

"सायेब, वास नाही म्हन्ता, तं तुमच्या तोंडाले हे काय?"

अधिकाऱ्याचं डोकं शाबूत राहावं लागतं, हे तिला कोण समजावणार!

आत काचांवर वाफ धरली. काही दिसेना. श्वासही येईना. दार कुठल्या अंगाला तेही कळेना. पुढचं नीट आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा अंगणात पडलेलो. वच्छला माझ्या तोंडावरून मास्क ओढून काढत होती. शेठच्या मालाला हात! डब्याच्या बुडाचं बूच तसंच होतं. ते काढल्याशिवाय हवा येत नाही म्हणे. कंपनीने मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. (लिहिलेलं आहे. पण इंग्रजीत, आणि बुडाला. बुड कोण वाचतं?)

देवमन शेजारी पडला होता. ओकत होता. ओठ निळे. शेषराव आणि वच्छलाने आम्हा दोघांना ओढून काढलं, असं सगळे सांगतात. मला पटत नाही. मी बराचसा स्वतः आलो असणार.

१४ फेब्रुवारी

दवाखान्यात गेलो. देवमनला ऑक्सिजन लावलाय. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, शिळी भाकर खाल्ली असेल, या लोकांचं काही सांगता येत नाही. डॉक्टरांनी देवमनचा सदरा नाकाशी नेला, लगेच दूर धरला आणि माझ्याकडे बघत राहिले. नवखे आहेत.

देवमनची बायको भागिरथा पायऱ्यांवर बसली होती.

"त्याईले आत जा म्हनलं कोनं?"

मी म्हटलं, असं कोणी एकाने नाही. ती उठून आत देवमनकडे गेली. मीही घाईत होतो.

१६ फेब्रुवारी, सोमवार

काम बंद. सगळे लिंबाखाली. ट्रक उभा, ड्रायव्हर शिव्या देतोय. शेठ आले. मला आनंद झाला. म्हटलं, आता एकेकाला हाकलतील. मी हाकलायच्या माणसांची नावंही मनात तयार ठेवली होती.

वच्छला उठून पुढे आली. म्हणाली, दारं सांगितले तेवढे दिवस बंद राहतील, मग दिवसभर उघडी. मास्क घातल्याशिवाय जाता येत नाही तिथं तो सगळ्याले. धुळीले जाड फडके. "आन् आत कवा जायचं ते जानारा ठरवीन. बाहेरचा नाही."

शेठने "ठीक आहे" म्हटलं. एका दमात! मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. हा शेठचा डाव आहे. ट्रक भरला की बघा.

२० फेब्रुवारी

ट्रक भरून गेला. डाव अजून दिसत नाही. मास्क आले, फडकी आली. बाया तोंडं बांधून तूर चाळतात. आता त्या हसल्या तरी कळत नाही, एवढाच फायदा. मला शेठने बाहेर काट्यावर वजन बघायला बसवलंय. मोकळी हवा. माझ्या प्रकृतीचा विचार केला असावा.

अंजना म्हणून एक नवी बाई आली आहे. तिने शेषरावला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, हे वजन पाह्यतात. एवढंच.

२९ फेब्रुवारी, रविवार

देवमन घरी आला असं कळलं. भेटून येणं माझं कर्तव्य. मनाशी ठरवून गेलो होतो की त्याला रागवायचं नाही, बोलून माफ करायचं. तुझ्यामागे मी स्वतः आत आलो, जीव धोक्यात घातला, हेही सहज सांगायचं.

ओट्यावर बाजेवर बसला होता, पाठीला गोधड्यांची गुंडाळी. आडवं झालं की दम कोंडतो, म्हणून रात्रीही बसूनच झोपतो म्हणाला. भागिरथाने माझ्यासाठी पोतं अंथरलं. मी सुरुवात केली, देवमन, मी तुझ्यामागे आत आलो तेव्हा...

तो हसला. हसताना खोकला लागला. बराच वेळ थांबला नाही. भागिरथा पाठ चोळत राहिली. मग तो म्हणाला,

"मले तं आत पाय ठेवल्याबरोबर समजलं, सायेब. डोयेच झोंबले. मी निंगून आल्तो, पार दारात. मांगं वयून पाह्यलं तं तुमी भितीले हात लावून उलटेच चालले, आतमंदी. हाका मारल्या, तुमाले आयकू येईना. मंग गेलो परत."

मी विचारलं, कशाला?

"कशाले म्हंजे? तुमी आत व्हते ना."

सहज म्हणाला. भागिरथा चहा ठेवायला उठली. नको म्हणता आलं नाही. कपाचा कान तुटलेला होता. पूर्ण प्यालो.

घरी आल्यावर विजयमालाने विचारलं, कसा आहे देवमन? सगळं सांगितलं. का कोण जाणे, पण सांगितलं. ती भाजी निवडायची थांबली. म्हणाली, मग तुम्ही काय म्हणालात त्याला?

मी म्हटलं, चहा छान झालाय म्हणालो.