दोराभर जागा

सांगली, ५ मे १९४३

सांगलीतल्या भिंतींना खुंट्या नसतात! आज पाच घरं पाहिली. एकातही टोपी टांगायची सोय नाही. ज्या नगरीत माणसानं टोपी गुडघ्यावर ठेवून चहा प्यायचा, तिथल्या पोरांना मी जूनपासून संस्कृत शिकवणार. कलियुग ते हेच असावं.

सहावं घर वर्धमान अण्णांचं, माधवनगरच्या वाटेवर. पुढे दोन खोल्या, तिसरी मागे विहिरीपाशी. तिला वेगळं दार, वेगळी चूल.

"तिन्ही घ्या मास्तर. तिसरीचं भाडं नगं. रिकामी ऱ्हायली की घुशी शिरत्यात."

"दोन पुरेत."

"घरात म्हातारं माणूस न्हाई व्हय?"

"नाही," म्हणालो.

सातारा, ७ मे

आक्काला सांगितलं — दोनच खोल्या मिळाल्या. तुझ्या सोवळ्याला वेगळी चूल हवी, ती जमायची नाही. तू उंब्रजला तुझ्या दिराच्या मुलाकडे राहा.

आक्का माझी थोरली बहीण. तेराव्या वर्षी कपाळ पांढरं करून माहेरी आली. पुढे आई गेली तेव्हा मला तिनंच वाढवलं. मी शब्दरूपं घोकायचो, ती वाती वळता वळता चुका काढायची. अजून काढते.

"बरं," म्हणाली.

आमच्या मंडळी मात्र चुलीपासून बोलल्या, "खरंच दोनच आहेत?"

"दोनच."

"मग भिंतीकडे बघून काय सांगता?"

१० मे

निदान इथे तरी खरं लिहावं. केशवपनाविरुद्ध मी साताऱ्यात दोन व्याख्यानं दिली. टाळ्या बऱ्या पडल्या. सांगलीच्या हेडमास्तरांच्या कानी ते गेलं आहे. त्यांच्या पत्नी पदवीधर, भेटायला येणार म्हणतात. त्यांना दार कोण उघडणार? लाल आलवणातली, भादरलेल्या डोईवर पदर ओढलेली माझी सख्खी बहीण.

दोन्ही व्याख्यानांना माझं उपरणं तिनंच धुऊन दिलं होतं.

१४ मे

आक्कानं एक दोरा दिला. वातीच्या कापसाचा, दोन्ही टोकांना गाठ.

"बाबू, निजायला एवढ्यात माझं भागतं. दाराआड कुठं बसतंय का बघ. चुलीचं मनावर घेऊ नको, सोवळं सोडीन मी."

अडतीस वर्षं पाळलेलं सोवळं! ते सोडायचं, का तर मला अडचण नको म्हणून.

"बघतो," म्हणालो. दोरा कोटाच्या खिशात टाकला.

१५ मे

दोरा खिशात आहे.

सांगली, २ जून

सामान लागलं. सर्व्हिस मोटार उंब्रजला थांबली तेव्हा आक्का उतरली. हातात एक गाठोडं आणि देवांची पेटी. मोटार सुटेपर्यंत खिडकीशी उभी होती.

"पोचल्यावर मोजशील ना रे?"

मी मान हलवली.

३ जून

मोजला. दाराआड बसतो. खिडकीखाली बसतो. फडताळ आणि भिंत यांच्यामध्येसुद्धा बसतो.

मंडळींनी दोरा माझ्या हातातून घेतला, आपल्या हातानं पुन्हा मोजला. "माणूस साडेतीन हातांचं ना? हा अडीच भरतोय."

मी म्हणालो, चुकली असेल. आक्का आणि चूक!

मग त्याच म्हणाल्या, "साताऱ्याला जिन्याखाली निजायच्या. तिथं पाय पसरता येत नव्हते. तेवढीच जागा मोजून दिली त्यांनी."

पंधरा वर्षं त्या घरात राहिलो. जिन्याखाली एकदाही वाकून पाहिलं नाही. आणि गेली पंधरा वर्षं सांगतोय — बहिणीला आम्ही सांभाळतो.

५ जून

अण्णांकडे गेलो, मागची खोली मागितली. "कुणासाठी?" म्हणाले. सांगितलं. त्यांनी किल्ली काढून दिली.

त्या खोलीत तीन खुंट्या आहेत.

उंब्रजला पत्र घातलं. ती येईल की नाही, ही काळजी नाही. माझ्या एका शब्दावर येईल. हेडमास्तरांच्या पत्नी आल्या आणि त्यांनी विचारलं, "या कोण?", तर मी चटकन काय बोलेन, ते मला अजून ठाऊक नाही.